माऊस धरणाऱ्या हाताला छंद कोणता?

हात दुखतो म्हणून दवाखान्यात येणाऱ्याला डॉक्टरने दोन प्रश्न विचारले पाहिजेत, असे माझे मत आहे. पहिला, काम काय करता? दुसरा, काम संपल्यावर काय करता? पहिल्याचे उत्तर रुग्ण सरळ देतो. दुसऱ्याला मात्र बहुतेक जण हसतात. "डॉक्टर, आम्हाला कुठला आलाय छंद?" असे म्हणतात आणि मग हळूच सांगतात की, रात्री जेवण झाल्यावर तासभर कॉम्प्युटरवर पत्ते लावतो, बुद्धिबळ खेळतो, नाहीतर घरच्या समारंभाचे फोटो नीटनेटके करीत बसतो. म्हणजे छंद आहे. फक्त तोही त्याच हाताने, त्याच माऊसवर आणि बहुधा तशाच खुर्चीत बसून चालतो. आजचा लेख या दुसऱ्या प्रश्नाविषयी आहे.

पहिला प्रश्न वैद्यकशास्त्रात रुजवण्याचे श्रेय इटलीतील बर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्याला जाते. कामगारांच्या आजारांवरचा त्याचा ग्रंथ १७०० साली प्रसिद्ध झाला. कुंभार, शिंपी, खाणकामगार, धोबिणी अशा अनेक व्यवसायांबरोबर त्यात दिवसभर टाक चालवणारे लेखनिकही आहेत. लेखनिकांच्या दुखण्याची त्याने तीन कारणे सांगितली. सतत एका जागी बसणे, हाताची तीच ती हालचाल न थांबता करणे आणि लिहिण्यात चूक होऊ नये म्हणून मनावर राहणारा ताण. टाकाच्या जागी माऊस ठेवा; तीनशे वर्षांपूर्वीचे हे निदान आज आपल्या बाजारपेठेतल्या कोणत्याही हिशेबनिसाला जसेच्या तसे लागू पडते.

त्याच ग्रंथात एका नोटरीची हकिगत आहे. आयुष्यभर लिहून लिहून त्याचा उजवा हात निकामी झाला. म्हणून तो नेटाने डाव्या हाताने लिहायला शिकला. थोड्याच काळात डाव्या हातालाही तेच दुखणे जडले. वाचकहो, ही हकिगत लक्षात ठेवा. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

माऊस आला कुठून?

माऊस ही वस्तू आता आपल्याकडे लाटण्याइतकी ओळखीची झाली आहे, पण तिचा इतिहास फारसा कोणाला ठाऊक नसतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश या अभियंत्याने १९६४ साली पहिला माऊस तयार केला. तो लाकडी ठोकळा होता. खाली एकमेकांशी काटकोनात बसवलेली दोन चाके आणि वर एक बटण. मागून वायर निघायची, ती शेपटीसारखी दिसे, म्हणून नाव पडले माऊस. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे एंगलबार्ट यांनी तो जाहीरपणे चालवून दाखवला.

यातली एक गोष्ट मला डॉक्टर म्हणून फार महत्त्वाची वाटते. एंगलबार्ट यांच्या योजनेत उजव्या हाताखाली माऊस होता, तसा डाव्या हाताखाली पाच पट्ट्यांचा एक छोटा कळफलक होता. काम दोन्ही हातांनी वाटून घ्यावे अशी ती रचना. पुढे माऊस घरोघर गेला आणि डाव्या हाताचा तो जोडीदार मागेच राहिला.

१९८४ साली ॲपल कंपनीचा मॅकिंटॉश बाजारात आला आणि सामान्य माणसाच्या हाती माऊस जाऊ लागला. १९९० साली मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या तिसऱ्या आवृत्तीबरोबर पत्त्यांचा सॉलिटेअर हा खेळ दिला. पान बोटाने धरायचे, ओढत न्यायचे आणि सोडायचे. नवख्या माणसाला माऊस चालवण्याचा सराव आपोआप व्हायचा. शिकवणी केव्हाच संपली, खेळ मात्र राहिला. माऊस आणि विरंगुळा यांची गाठ अशी फार लवकर पडली. १९९६ पासून माऊसला मधले चाक असणे रूढ होत गेले आणि तर्जनीच्या कामात आणखी एका हालचालीची भर पडली.

आपल्या गावातला माऊस

उल्हासनगर हे शहरच हातांच्या बळावर उभे राहिले. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे कल्याणच्या लष्करी छावणीच्या बराकींत उतरली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीची उल्हासनगर म्हणून पायाभरणी झाली. कोणी पापड लाटले, कोणी शिवणयंत्र घेतले, कोणी लाकूडकाम केले. आजही आमच्या पाच कॅम्पांची ओळख पापड, कापड, फर्निचर आणि जीन्स हीच आहे.

मी व्यवसाय सुरू केला त्या काळात हातदुखीचे रुग्ण म्हणजे पापड लाटणाऱ्या बाया, कात्री चालवणारे कटिंग मास्तर, अंबरनाथच्या कारखान्यांतले फिटर. ते अजूनही येतात. पण त्यांच्या शेजारी बाकावर आता दुसरी मंडळी बसलेली असतात. दुकानाचे बिल कॉम्प्युटरवर काढणारा मुलगा, भरतकामाच्या मशीनसाठी नक्षी आखणारा कारागीर, सनदी लेखापालाच्या कार्यालयात दिवसभर आकडे भरणारी मुलगी, सेवा केंद्रात दाखले आणि सातबारा काढून देणारे भाऊ, मुंबईच्या कचेरीतून परतलेले बदलापूरचे गृहस्थ. या शतकाच्या सुरुवातीला एमएस-सीआयटीचे वर्ग गल्लोगल्ली निघाले, तिथे या पिढीने माऊस हातात धरला, तो अजून खाली ठेवलेला नाही.

यातले बरेच जण कंत्राटी आहेत. काहींना नोंदींच्या संख्येवर पैसे मिळतात. हात दोन आठवडे थांबला तर दोन आठवड्यांचा पगार बुडतो. म्हणून ते दुखणे अंगावर काढतात, मेडिकलमधून गोळी आणून घेतात आणि हात पार बधिर झाल्यावर दवाखान्यात येतात. हा विषय मला किरकोळ वाटत नाही तो यामुळेच. कुणाची तरी रोजीरोटी त्या मनगटात आहे.

माऊसने नेमके काय होते?

पापड लाटताना सगळा हात हलतो. माऊसवर हात जवळजवळ हलतच नाही, आणि तक्रारीचे मूळ तिथेच आहे. बोट बटणावर अधांतरी धरून ठेवायचे, मनगट किंचित वर उचललेले, कोपर शरीरापासून दूर, खांदा पुढे ताणलेला. प्रत्येक स्नायूवरचा भार अगदी थोडा, पण तो तासन् तास सुटत नाही. आखडून राहिलेल्या स्नायूला मोकळा रक्तपुरवठा मिळत नाही, तो थकतो आणि दुखू लागतो. म्हणून माऊस वापरणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा मनगटापुरती नसते. कोपराच्या बाहेरच्या बाजूला, दंडात, खांद्यावर आणि मानेत दुखते.

आता लोकांच्या तोंडी असलेल्या 'नस दबली' या प्रकाराकडे येऊ. मनगटाच्या आतल्या बाजूला हाडे आणि एक चिवट पट्टा यांच्यामध्ये एक बोगदा असतो. त्यातून बोटांचे नऊ स्नायुबंध आणि मीडियन नावाची मज्जा जाते. बोगद्यात दाटी झाली की मज्जा चेपते. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग यांना मुंग्या येतात, करंगळी सुटते. रात्री त्रास वाढतो, माणूस झोपेतून उठून हात झटकतो. पुढे अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा वाळू लागतो. तो एकदा वाळला की शस्त्रक्रियेनंतरही पूर्ववत होईल याची खात्री देता येत नाही.

हा आजार माऊसमुळेच होतो, असा सार्वत्रिक समज आहे. पुरावा तसे ठामपणे सांगत नाही. डेन्मार्कमध्ये सुमारे ७ हजार तांत्रिक कर्मचाऱ्यांचा एक वर्ष पाठपुरावा करून २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आठवड्याला २० तासांहून जास्त माऊस वापरणाऱ्यांत मुंग्यांची तक्रार अधिक आढळली, पण कॉम्प्युटर हे या आजाराचे मोठे कारण आहे असे संशोधकांना म्हणता आले नाही.

याचा अर्थ माऊस निर्दोष सुटला असा नव्हे. अर्थ असा की, बोटांना मुंग्या आल्या की सगळा दोष माऊसवर टाकून मोकळे होऊ नका. मधुमेह, थायरॉईडची कमतरता, गरोदरपण, स्थूलपणा, संधिवात, मानेच्या मणक्यातील दाब या सर्वांत बोटे बधिर होऊ शकतात. बाजारातल्या एका पेढीवरचे हिशेबनीस माझ्याकडे आले, तोपर्यंत त्यांनी वर्षभरात तीन माऊस बदलले होते. तपासणीत रक्तातील साखर उपाशीपोटीच दोनशेच्या वर निघाली. चौथा माऊस घेऊन त्यांचा काय फायदा झाला असता?

अंगठ्याची गोष्ट निराळी. अंगठ्याच्या बाजूने मनगट दुखणे, वस्तू उचलताना कळ येणे, हा स्नायुबंधाच्या आवरणाचा दाह आहे. स्विस शल्यचिकित्सक फ्रिट्झ द क्वेर्व्हां यांनी १८९५ साली त्याचे वर्णन केले. पूर्वी तो लहान बाळाला सारखे उचलणाऱ्या आयांमध्ये जास्त दिसे. आता लोकलमध्ये उभ्याने एका हाताने दांडी आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने मोबाइल सांभाळणाऱ्या तरुणांमध्येही दिसतो.

छंद कामाच्या उलट हवा

आता माझे मुख्य म्हणणे. छंद चांगला की वाईट, हे त्या छंदावर ठरत नाही. दिवसभर हाताने काय केले, त्यावर ठरते.

दोन उदाहरणे देतो. बदलापूरची एक मुलगी दिवसभर मुंबईत आकडे भरते. जाता-येता गाडीत मोबाइलवर गोळ्या फोडण्याचा खेळ खेळते आणि घरी आल्यावर मन रमावे म्हणून कॉम्प्युटरवर चित्रे रंगवते. चित्रे सुंदर असतात, यात शंका नाही. पण तिच्या हाताचा हिशेब केला तर सकाळी नऊपासून रात्री अकरापर्यंत त्याला सुट्टीच नाही. तिला वाटते आपण विश्रांती घेतो. विश्रांती मनाला मिळते, मनगटाला नाही.

दुसरे गृहस्थ अंबरनाथच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर. तीस वर्षे कानस आणि हातोडा चालवला. आता नातवाकडून माऊस चालवायला शिकले आणि रोज अर्धा-पाऊण तास जुने कौटुंबिक फोटो लावतात, त्याखाली नावे आणि गावे लिहितात. त्यांना मी माऊस सोडा असे सांगणार नाही. उलट आणखी शिका, असे सांगतो. ज्या हाताने आयुष्यभर जोर केला त्याला ही हलकी, बारीक हालचाल बदल म्हणून चांगलीच आहे. आणि डोक्यालाही नवे काम मिळते. माऊस तोच. एकाचा छंद औषध ठरतो, दुसऱ्याचा जादा पाळी.

म्हणून छंद निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात असे मी सुचवतो. हात बदलतो का, नजर बदलते का, आसन बदलते का? तिन्ही बदलत असतील तर उत्तम. दोन बदलत असतील तर ठीक. एकही बदलत नसेल, तर तो छंद कितीही प्रिय असला तरी हात आणि डोळे त्याला कामच समजतात.

दिवसभर माऊस धरणाऱ्याने संध्याकाळी कुंडीतली माती उकरावी, पेटी किंवा ढोलकी शिकावी, मुलांबरोबर बॅडमिंटन खेळावे, पोहावे, चालावे. विणकाम, मेंदी, बारीक भरतकाम हे छंद छानच, पण त्यात चिमट्यासारखी पकड आणि जवळची नजर तशीच राहते. ते आठवड्यातून दोनदा पुरेत. शिवणकाम करणाऱ्या कारागिराला मात्र माझा सल्ला उलटा असेल. त्याने सुई-दोरा संध्याकाळी हातात घेऊ नये. वाटल्यास नातेवाइकांशी गप्पा माराव्यात, गाणी ऐकावीत, कॅरम खेळावा.

आपल्या लोकलमधील भजनी मंडळांचे मला नेहमी कौतुक वाटते. कर्जत-कसाऱ्याच्या गाड्यांत टाळ वाजवत, टाळ्या देत जाणारी ही माणसे श्वास मोकळा करतात, हाताचा पंजा उघडतात, मान वर ठेवतात आणि चार माणसांत मिसळतात. सहप्रवाशांना त्रास होऊ नये एवढे भान ठेवले तर प्रवासातला याहून चांगला छंद मला सुचत नाही. ज्यांना भजनाची आवड नाही त्यांनी निदान खिडकीबाहेर पाहावे. बदलापूरच्या बाजूचे डोंगर फुकट दिसतात, आणि दूर पाहणे ही डोळ्यांची विश्रांती आहे.

"वेळ कुठे आहे?"

हा आक्षेप खरा आहे. बदलापूरहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ६८ किलोमीटर. रोज जाण्या-येण्यात तीन-साडेतीन तास गेले, तर छंद कशाशी खातात, असे माणूस विचारणारच. पण मोबाइलला मिळतो तो वेळ कुठून येतो? मी नवीन वेळ मागत नाही. आहे त्याच वेळातली अर्धी वाटणी हाताच्या बाजूने करा, इतकेच म्हणतो.

बायकांचा आक्षेप याहून वजनदार आहे. दिवसभर कचेरीत माऊस धरलेली बाई घरी आल्यावर त्याच मनगटाने कणीक मळते, पोळ्या लाटते, कपडे पिळते. तिला "एखादा छंद लावून घ्या" असे सांगणे म्हणजे जखमेवर मीठ. तिच्या मनगटावरचा उपाय तिच्याकडे नाही, घरातल्या इतर माणसांकडे आहे. घरातील पुरुषांनी कणीक मळायला शिकावी. दिवसभर माऊस धरून आखडलेला पंजा मोकळा करायला याहून बरा व्यायाम नाही आणि छंद म्हणूनही तो वाईट नाही. हे मी थट्टेने लिहीत नाही. हात दुखणाऱ्या बाईच्या नवऱ्याला मी केसपेपर देताना हेच सांगतो, आणि ज्यांनी ऐकले त्यांच्या घरी गोळ्या कमी लागल्या.

दुसरा एक आक्षेप शिकली-सवरलेली मंडळी घेतात. कॉम्प्युटरवरचा छंदही मनाला चांगलाच की. मान्य. १६ देशांतील ६५ वर्षांवरील ९३ हजारांहून अधिक लोकांच्या माहितीचा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना छंद होता त्यांच्यात उदासीनता कमी आणि समाधान अधिक आढळले. छंदामुळेच हे झाले असे त्यातून सिद्ध होत नाही, पण दिशा स्पष्ट आहे. एकट्या राहणाऱ्या आजोबांना परदेशातील नातवाशी माऊसवर बुद्धिबळाचा डाव टाकता येत असेल, तर तो डाव मोडा असे कोणता डॉक्टर म्हणेल? मी फक्त एवढेच म्हणतो की, डाव संपल्यावर उठा. एका डावानंतर दुसरा लावण्यापूर्वी पाणी प्यायला स्वयंपाकघरापर्यंत चालत जा.

मुलांच्या बाबतीत मात्र मी जरा कडक आहे. शाळा, शिकवणी आणि मग पडद्यावरचे खेळ, या दिवसात उन्हातला वेळच राहत नाही. रोज मोकळ्यावर खेळणाऱ्या मुलांना लांबचा चष्मा लागण्याचे प्रमाण कमी असते, हे अनेक देशांतील अभ्यासांत दिसले आहे. मैदाने कमी झाली आहेत हे खरे. तरी रविवारी सकाळी अंबरनाथच्या वालधुनीकाठच्या शिवमंदिरापर्यंत मुलांना चालत न्यायला काय हरकत आहे? इ. स. १०६० चा शिलालेख असलेले ते मंदिर आहे. हातात माऊस नसताना माणसाचा हात काय करीत असे, ते त्या दगडांवर कोरलेले दिसेल.

माऊस कसा धरावा?

ज्यांचे पोट माऊसवर आहे त्यांनी पुढील गोष्टी आजच तपासाव्यात. त्याला खर्च नाही.

माऊस कळफलकाच्या शेजारी आणि त्याच उंचीवर हवा. दुकानाच्या गल्ल्यावर तो हिशेबाच्या वह्यांपलीकडे ठेवलेला असतो, ते बंद करा. कोपर शरीराजवळ आणि साधारण काटकोनात राहावे. टेबल उंच असेल तर खुर्चीवर घडी घातलेली चादर ठेवून उंची वाढवा आणि पायाखाली पाट घ्या. मनगट सरळ ठेवा. टेबलाच्या कडेवर ते दाबून ठेवू नका. माऊस मनगटातून झटक्याने हलवण्यापेक्षा कोपरापासून सगळा हात हलवा. मूठ आवळून धरू नका. त्याला पळून जाता येत नाही. पडद्यावरच्या बाणाचा वेग वाढवला तर हाताला कमी हलावे लागते. नक्कल करणे, चिकटवणे, जपून ठेवणे ही कामे कळफलकावरून होतात, तेवढाच माऊसला आराम.

दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांपलीकडे पाहा. अर्ध्या तासाने एकदा उभे राहा, खांदे मागे फिरवा, पंजा पूर्ण उघडा आणि मिटा.

"डाव्या हाताने माऊस वापरू का?" असे बरेच जण विचारतात. बदल म्हणून जरूर वापरा. पण रामाझ्झिनीच्या नोटरीला विसरू नका. काम तेवढेच राहिले आणि फक्त हात बदलला, तर दुखणेही हात बदलते. कमी करायचे आहेत ते तास.

मालक मंडळींनाही दोन शब्द. शिवणयंत्राला तेल घालायला तुम्ही विसरत नाही. कॉम्प्युटरवर बसणाऱ्या माणसाला नीट खुर्ची आणि तासाला पाच मिनिटे द्यायला मात्र हात आखडता घेता. अनुभवी माणूस हात दुखतो म्हणून सोडून गेला, तर नव्याला शिकवण्यात खुर्चीच्या किमतीहून जास्त जाते. हा हिशेब कळायला कॉम्प्युटर लागत नाही.

डॉक्टरकडे केव्हा जावे?

मुंग्या दोन-तीन आठवड्यांत कमी होत नसतील, रात्री झोपमोड होत असेल, हातातून कप-बशी निसटत असेल, शर्टाचे बटण लावता येत नसेल किंवा अंगठ्याच्या मुळाशी मांस कमी झालेले दिसत असेल, तर थांबू नका. साखर आणि थायरॉईडची तपासणी, गरज पडल्यास मज्जेच्या वहनाची चाचणी यांवरून निदान होते. सुरुवातीच्या अवस्थेत रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी बांधून अनेकांना आराम पडतो. काहींना मनगटात इंजेक्शन द्यावे लागते. त्यानेही भागले नाही, तर तो चिवट पट्टा कापून मज्जा मोकळी करण्याची लहानशी शस्त्रक्रिया आहे. तिला घाबरून मांस वाळेपर्यंत वाट पाहू नये.

दुखणे थांबवणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने महिनोन् महिने घेणे घातक आहे. त्यांनी पोटात व्रण पडतो, रक्तदाब वाढतो, मूत्रपिंड बिघडते. ताकदीची सुई टोचून घेतली की नस सुटते, हाही एक भ्रम. शरीरात बी-१२ कमी असेल तरच त्या सुईचा उपयोग.

आणि एक गोष्ट ठळकपणे सांगतो. हात अचानक लुळा पडला, सोबत तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळले, तर तो माऊस नव्हे, पक्षाघात असू शकतो. छातीत दडपण येऊन डावा हात भरून आला, घाम सुटला, तर तो हृदयविकार असू शकतो. अशा वेळी तेल चोळत बसू नका. तडक रुग्णालय गाठा. पहिले काही तास मोलाचे असतात.

येत्या रविवारी घरातल्या प्रत्येकाने एक करावे. एका कागदावर आपल्या उजव्या हाताचा दिवस लिहून काढावा. किती तास माऊस, किती मोबाइल, किती लाटणे, किती कात्री, आणि किती वेळ तो नुसता मोकळा होता. ज्याच्या हाताला मोकळा वेळ सर्वांत कमी निघेल, त्याच्या कामातला एक तास उरलेल्यांनी वाटून घ्यावा आणि त्या तासात त्याने त्याला आवडेल ते करावे. बहुतेक घरांत तो कागद आईचा असेल, असा माझा अंदाज आहे.